रिपोर्टमध्ये सतरा लाल खुणा, म्हणजे सतरा अ‍ॅलर्ज्या?

मागच्या ऑक्टोबरात एका रात्री साडेदहाला मावसबहिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवली, खाली फक्त "हे बघ गं जरा" आणि एक रडका इमोजी. तिचा मुलगा सहा वर्षांचा, सकाळी उठला की आठ-दहा शिंका, नाक कायम चोंदलेलं, त्यात वर्षभरात दोनदा अंगावर पित्ताच्या गांध्या उठल्या, म्हणून कुणीतरी सुचवलं की सगळ्याची एकदाच ब्लड टेस्ट करून टाका. केली. पाच पानी रिपोर्ट आणि सतरा ठिकाणी लाल खुणा. दूध, गहू, तूरडाळ, हरभरा, वांगं, केळं, शेंगदाणा, तीळ, धूळ, झुरळ, गवत आणि चक्क कोळंबी. घर पक्कं शाकाहारी, पोराने कोळंबी फक्त चित्राच्या पुस्तकात बघितलेली.

मी फोन केला तर म्हणाली, महिना झाला, ह्याला नुसता मऊ भात आणि मुगाचं वरण देतेय, वजन उतरलंय, शिंका आहेत तशाच आहेत.

मी डॉक्टर नाही, ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, त्यामुळे कुणाला काय खा नि काय खाऊ नका हे सांगायचा मला अधिकार नाही. पण ती लाल खूण नेमकं काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यायला डिग्री लागत नाही. आणि असे रिपोर्ट घेऊन बसलेली घरं आता इतकी दिसतात की एकदा नीट लिहूनच टाकावं म्हटलं.

आधी मुळात होतं काय

अ‍ॅलर्जी हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के नावाच्या बालरोगतज्ज्ञाने काढला, ग्रीकमधून, अर्थ साधारण 'वेगळंच वागणं'. कोण वेगळं वागतं? तर आपलं शरीर. शेंगदाणा बिचारा शेंगदाण्यासारखाच वागत असतो.

सोसायटीचा वॉचमन डोळ्यापुढे आणा. नवीन माणूस पहिल्यांदा गेटवर आला, वॉचमनला उगाच संशय आला, त्याने काही केलं नाही पण वर्णन एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं : लाल शर्ट, मिशी, हातात पिशवी. त्या चिठ्ठीच्या कॉप्या काढून सगळ्या गेटवरच्या वॉचमनना वाटल्या. पुढच्या वेळी तसा माणूस दिसला की शिट्टी, सायरन, धावपळ.

ही चिठ्ठी म्हणजे आयजीई नावाची अँटिबॉडी. आणि ते वॉचमन म्हणजे मास्ट सेल, कातडीत, नाकात, श्वासनळीत, आतड्यात बसलेल्या पेशी, ज्यांच्या पोटात हिस्टामिन नावाच्या, खाज-सूज आणणाऱ्या रसायनाच्या पुड्या भरलेल्या असतात. त्या संशयित वस्तूच्या एकाच कणाने शेजारशेजारच्या दोन चिठ्ठ्या एकदम पकडल्या की ती पेशी पुड्या फोडते, मग रक्तवाहिन्या सैल पडतात, खाज, गांध्या, शिंका, नाक गळणं, आणि फारच झालं तर श्वास अडकणं, बीपी कोसळणं. त्या टोकाच्या प्रकाराला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात, तो जिवावर बेततो.

म्हणूनच "पण आधी खाल्लं तेव्हा तर काही झालं नव्हतं" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं आणि त्यात काही विचित्र नाही. आधी चिठ्ठी लिहिली जाते, तमाशा नंतर होतो.

ही चिठ्ठी सापडली कशी त्याची गोष्ट मला फार आवडते. १९२१, ब्रेस्लाऊ शहर, आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ. क्यूस्टनर नावाच्या डॉक्टरला मासे खाल्ले की अंगावर उठायचं, त्याच्या जोडीदाराला, प्राउसनिट्झला, माशाचा काही त्रास नव्हता. प्राउसनिट्झने काय केलं, तर क्यूस्टनरच्या रक्तातला पाण्यासारखा भाग स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तेवढीच जागा टरारून फुगली. म्हणजे अ‍ॅलर्जी रक्तातल्या कशामुळे तरी एकाकडून दुसऱ्याकडे नेता येते हे कळलं, पण ते 'कशामुळे तरी' म्हणजे काय हे सापडायला १९६६-६७ उजाडलं. अमेरिकेत इशिझाका नवरा-बायको आणि स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिख असे दोन गट वेगवेगळ्या वाटांनी आयजीईपर्यंत पोचले. रक्तात ती इतकी थोडी असते की तोवर कुणाच्या हाताला लागलीच नव्हती.

चिठ्ठी आहे म्हणजे भांडण झालंच असं नाही

आता मुद्द्याचं. ब्लड टेस्ट मोजते ती फक्त चिठ्ठी. वॉचमन शिट्टी वाजवेल का, सायरन होईल का, हे ती मोजतच नाही.

पोलीस ठाण्यात नोंद असणं वेगळं आणि गुन्हा शाबीत होणं वेगळं, तसंच. शरीराने चिठ्ठी लिहून ठेवली आहे पण खाल्ल्यावर काहीच होत नाही, ह्याला सेन्सिटायझेशन म्हणतात, आपण साधं 'नोंद' म्हणू. आणि नोंद असून खाल्ल्यावर दर वेळी ठरावीक त्रास होतो, ती अ‍ॅलर्जी.

ह्या दोहोंत केवढा फरक असतो ते बघायला युरोपात जायची गरज नाही. बेंगळुरू आणि म्हैसूरच्या मोठ्या माणसांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली छापून आला, त्यात कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाची नोंद रक्तात असलेले लोक निघाले २६.५ टक्के. आणि लक्षणं जुळवून बघितल्यावर खाण्याची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता वाटली असे लोक किती? १.२ टक्के. परत वाचा. चारातल्या एकाच्या रक्तात नोंद, आणि त्रास शंभरात एखाद्याला.

म्हणजे रस्त्यावरून जाणारी धडधाकट शंभर माणसं धरून आणली, काहीही खाऊन ढेकर देणारी, आणि त्यांची टेस्ट केली, तर पंचवीस-सव्वीस जणांच्या हातात लाल खुणांचा कागद पडेल. त्यातल्या बहुतेकांनी त्या दिवसापासून दूध आणि गहू सोडला तर त्यांना मिळणार काय, तर अशक्तपणा.

"पण मशीन खोटं कशाला बोलेल?"

मशीन खोटं बोलत नाही, चिठ्ठीच अर्धवट असते. लाल शर्ट, मिशी, पिशवी. आता ह्या वर्णनाचा दूधवालाही असू शकतो, कुरिअरवालाही असू शकतो. ह्याला क्रॉस-रिअ‍ॅक्शन म्हणतात, आपण म्हणू तोंडावळ्यातली गल्लत.

आता कोळंबीचं कोडं बघा. कोळंबी, चिंबोरी ह्यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रोटीन असतं, तेच थोड्या फरकाने झुरळात असतं आणि गादीतल्या धुळीत राहणाऱ्या बारीक किड्यातही असतं, डस्ट माइट म्हणतात तो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, आपल्या अंगावरून झडलेली कातडी खाऊन जगतो. पोराच्या शरीराने चिठ्ठी लिहिली गादीतल्या किड्याची, आणि मशीनमध्ये कोळंबी समोर आल्यावर तोंडावळा जुळला. वरणभात खाणाऱ्या घरात कोळंबीची लाल खूण आली ती अशी.

(कोकणातल्या, गोव्यातल्या वाचकांसाठी : कोळंबीचा खरा त्रास असेल तर तो शिजवून जात नाही, ते प्रोटीन उकळूनही टिकतं. पण कोळंबी चालत नाही म्हणून पापलेट-सुरमई पण बंद, असंही आपोआप होत नाही, माशाचं मुख्य अ‍ॅलर्जीवालं प्रोटीन वेगळं आहे. हे डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, स्वतःच्या ताटात प्रयोग करायचा नाही.)

युरोपातलं गाजलेलं उदाहरण बर्च झाडाचं. हा बर्च म्हणजे आपला भूर्ज, ज्याच्या सालीवर पोथ्या लिहायचे त्याचाच भाऊबंद, आपल्याकडे फक्त हिमालयात. ह्याचे परागकण हवेतून नाकात जाऊन ज्यांना शिंका येतात त्यातल्या पुष्कळांना कच्चं सफरचंद खाल्लं की ओठ आणि घसा खाजतो, कारण दोन्हीकडे एकाच घाटाचं प्रोटीन. पण तेच सफरचंद शिजवलं की काही होत नाही, उष्णतेने त्या प्रोटीनची घडी मोडते. पुण्या-मुंबईहून जर्मनी, स्वीडनला गेलेल्या लोकांना पहिली काही वर्षं काही नसतं आणि मग एका वसंतात नाक वाहायला लागतं, पाठोपाठ सफरचंदही घशाला खाजायला लागतं, ते ह्याच वाटेने.

शिवाय वनस्पतींच्या प्रोटीनवर साखरेच्या छोट्या साखळ्या चिकटलेल्या असतात, त्या गव्हावर, शेंगदाण्यावर, गवताच्या परागावर सगळीकडे सारख्याच. एखाद्याच्या शरीराने ह्या साखळीचीच चिठ्ठी लिहिली तर रिपोर्टमध्ये डझनभर झाडपाला लाल होतो आणि त्रास मात्र शून्य.

"वांगं खाल्लं की खाजतं, ते तरी खरं ना?"

खाजतं हे खरं, अ‍ॅलर्जीच असते हे बहुतेक वेळा खरं नाही. म्हैसूरला ७४१ लोकांचा वांग्यावर खास अभ्यास झालाय, वांग्याशी काहीतरी वाकडं असलेले निघाले ९ टक्क्यांच्या आसपास, आणि आयजीईवाली पक्की अ‍ॅलर्जी निघाली १ टक्क्याच्याही आत. कारण वांग्यात स्वतःचंच हिस्टामिन आणि तसले पदार्थ असतात. म्हणजे वॉचमनने शिट्टी वाजवलीच नाही, पाहुणाच शिट्टी वाजवत आत आला. आमच्या आजीचं "वांग्याने खाज वाढते" हे निरीक्षण चोख होतं, फक्त कारण तिला माहीत नव्हतं.

बांगड्याचंही तसंच. पकडल्यावर बर्फात नीट ठेवला नाही तर बॅक्टेरिया त्यात हिस्टामिन तयार करतात, आणि तो कितीही तळा-उकळा, ते तसंच राहतं. खाल्ल्यावर तोंड लालबुंद, डोकं ठणकतं, अंगावर उठतं. अगदी अ‍ॅलर्जी वाटते, पण असते विषबाधा. ओळखायची खूण एक : त्या दिवशी पंगतीतल्या तीन-चार जणांना एकदम होतं.

दुधाचंही इथेच सांगून टाकते. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गॅस, जुलाब, ही बहुधा दुधातली साखर न पचण्याची तक्रार, त्यात इम्युनिटीचा काही संबंध नाही, दही-ताक अनेकांना चालतं. दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी, ती दुधातल्या प्रोटीनची, तिथे चमचाभर दूधही महागात पडू शकतं. दोन्हीला आपण "मला दूध सोसत नाही" म्हणतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

परागकण, आणि गुलमोहरावर उगाच आळ

एप्रिलमध्ये सावरीचा कापूस उडायला लागला की आमच्या सोसायटीत ते झाड तोडायचा अर्ज फिरतो. गुलमोहरावरही राग. पण जे झाड एवढी लालभडक फुलं दाखवतं ते किडे-पाखरांना बोलावत असतं, त्याचा पराग जड नि चिकट, तो वाऱ्यावर फारसा उडत नाही. आणि सावरीचा कापूस तर पराग नाहीच, बी घेऊन उडणारा धागा आहे. नाकात गेला की गुदगुल्या होतात ते वेगळं. खरा त्रास देतात ती अशी झाडं ज्यांच्या फुलांकडे कुणी ढुंकून बघत नाही : गवतं, वेडी बाभूळ, वावळ, आणि आपलं गाजर गवत. ह्यांतल्या बहुतेकांना किड्यांवर फारसा भरवसा नाही म्हणून ढीगभर पराग वाऱ्यावर सोडतात.

गाजर गवत, काँग्रेस गवत म्हणा हवं तर, मूळचं अमेरिका खंडातलं, १९५०च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि मग देशभर पसरलं. ते दोन वेगळ्या वाटांनी छळतं. पराग नाकात जाऊन शिंका, ही आयजीईची वाट, काही मिनिटांत. आणि पाला अंगाला लागून दोन-तीन दिवसांनी कातडी लाल, खरखरीत, जाडसर होते, ही दुसरी वाट, ह्यात आयजीई नाहीच, इम्युनिटीच्या वेगळ्या पेशी सावकाश येऊन मारामारी करतात. बिब्बा उततो, आंब्याचा चीक ओठाला लागून फोड येतात, ओले काजू फोडणाऱ्या बायकांचे हात भाजल्यासारखे होतात, ही सगळी ह्या दुसऱ्या वाटेचीच मंडळी आणि गंमत म्हणजे बिब्बा, आंबा, काजू तिघं एकाच कुळातले. ह्या वाटेसाठी आयजीईची ब्लड टेस्ट काही कामाची नाही, पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी बघतात ती पॅच टेस्ट लागते.

आपल्याकडे पावसाळा सरता सरता गवतं फुलतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात नाक जास्त वाहतं. आणि बारा महिने पहाटे शिंका येत असतील तर संशय परागावर कमी, गादी-उशीवर जास्त.

पराग किती गंभीर होऊ शकतो ते मेलबर्नने २१ नोव्हेंबर २०१६ला बघितलं. गवत फुलायचा हंगाम, संध्याकाळी वादळ आलं आणि काही तासांत हजारो लोक दम लागून हॉस्पिटलात, दहा माणसं गेली. परागाचा अख्खा कण मोठा असतो, नाकातच अडकतो. पण वादळी हवेत ओलाव्याने तो फुटतो आणि आतले शेकडो बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. त्या दिवशी अडकलेल्यांत दमा कधीच नव्हता, नुसत्या शिंका यायच्या, असेही पुष्कळ होते.

"मागच्या महिन्यात खाल्लं तेव्हा झालं, काल काहीच नाही, हे कसं?"

घरात गीझर चालू, इस्त्री चालू, तरी चालतं. त्यात कुणी एसी लावला की एमसीबी पडतो. दोष एकट्या एसीचा नाही. अ‍ॅलर्जीत पण असा लोड असतो : व्यायाम, ताप, दारू, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या, झोप न होणं. काही लोकांना नुसता गहू चालतो, नुसतं धावणं चालतं, पण पोळी खाऊन तासाभरात धावायला गेले की गांध्या उठतात आणि चक्कर येऊन पडतात. ट्रिगर शोधताना "काय खाल्लं" एवढंच विचारून भागत नाही, "खाऊन काय केलं" हेही विचारावं लागतं.

वेळेचं कोडं तर त्याहून भारी. खाण्याची अ‍ॅलर्जी मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते, हा नियम. पण अमेरिकेच्या आग्नेय भागात लोक मध्यरात्री अंगभर गांध्या घेऊन उठायचे आणि कारण लागेना. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि सहकाऱ्यांना धागा सापडला तो कॅन्सरच्या एका औषधात, सेटुक्सिमॅबमध्ये. ते औषध ठरावीक राज्यांतल्या पेशंटना पहिल्याच डोसला भयंकर बाधायचं. त्यात अल्फा-गॅल नावाची साखर होती, हीच साखर गाय, डुक्कर, बकरी ह्यांच्या मटणात असते. आणि त्या लोकांच्या शरीरात तिची चिठ्ठी लिहिली कुणी, तर एका गोचिडीने, चावून. रात्रीच्या जेवणात मटण, आणि त्रास तीन ते सहा तासांनी. गोचीड चावली म्हणून मटण बंद, असं कुणी शंभर वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर त्याला अंगारा लावला असता.

"मग ही चिठ्ठी लिहिली जाते तरी कशी?"

इथे गेल्या पंचवीस वर्षांत सगळं उलटंपालटं झालंय. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला होता की घरात अ‍ॅलर्जी असेल तर बाळाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. लोकांनी ऐकलं, अ‍ॅलर्जी वाढतच गेली. मग लंडनच्या गिडिअन लॅक ह्यांच्या गटाने ज्यू मुलांची तुलना केली, काही ब्रिटनमधली, काही इस्रायलमधली, वंश साधारण तोच. ब्रिटनमध्ये शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी १.८५ टक्के, इस्रायलमध्ये ०.१७. मोठा फरक दिसला तो हा की इस्रायलमधली बाळं वर्षाची व्हायच्या आधीपासून शेंगदाण्याचे कुरमुऱ्यासारखे पफ चघळत होती.

त्यावरून नीट प्रयोग केला, २०१५ला निकाल आला. धोका जास्त असलेली ६४० बाळं, चार ते अकरा महिन्यांची, अर्ध्यांना शेंगदाणा नियमित, अर्ध्यांना अजिबात नाही. पाचव्या वर्षी न खाणाऱ्यांत अ‍ॅलर्जी १७.२ टक्के, खाणाऱ्यांत ३.२.

हे असं का, ह्याचा आज पटणारा खुलासा म्हणजे वस्तू शरीराला पहिल्यांदा कुठून भेटते. तोंडातून, पोटातून आली तर पाहुणा. फाटक्या कातडीतून आली तर चोर. एक्झिमा असलेल्या बाळाची कातडी तडकलेली असते, घरात हवेत, हातांवर, चादरीवर खाण्याचे कण असतातच, ते तिथून आत शिरतात. जपानमध्ये तोंड धुवायच्या एका साबणात गव्हाचं प्रोटीन घातलेलं होतं, तो वापरून दोन हजारांवर लोकांना गव्हाची अ‍ॅलर्जी झाली, पूर्वी आयुष्यभर गहू खात होते, आणि २०११ला तो साबण बाजारातून परत घ्यायला लागला. चिठ्ठी कातडीत लिहिली गेली, सायरन पोटात वाजला.

"मग बाळाला डाळीचं पीठ आणि साय लावायची नाही का?" असं लगेच विचारलं जाईल. निरोगी कातडीच्या बाळाबद्दल मी काही म्हणत नाहीये. पण कातडी लाल, तडकलेली, खाजरी असेल तर तिच्यावर खायची वस्तू चोळण्याआधी डॉक्टरला जरूर विचारा, आणि आधी ती कातडी बरी करा.

"आम्ही मातीत लोळलो, आम्हाला कुठे काय झालं" ह्यातही तथ्य आहे. १९८९ला डेव्हिड स्ट्रॅचन ह्यांनी १७,४१४ ब्रिटिश मुलांच्या माहितीवरून दाखवलं की ज्यांना भावंडं जास्त त्यांना परागाचा त्रास कमी, आणि त्यावरून लहानपणी जंतूंशी गाठ पडण्याचा फायदा होतो ही कल्पना आली. पण त्याचा अर्थ घाण राहा असा नाही, हात न धुण्याने अ‍ॅलर्जी टळत नाही, जुलाब तेवढे होतात.

दोनशे पदार्थांची ती दुसरी टेस्ट

आमच्या स्टाफरूममधल्या एका मॅडमनी बरेच पैसे घालून फूड इन्टॉलरन्सची टेस्ट केली, त्यात आयजीजी मोजतात, आयजीई नाही. आयजीजी ही वेगळ्या जातीची अँटिबॉडी, म्हणजे साधारण हजेरीपट. तुम्ही जे रोज खाता त्याची आयजीजी असणारच. मॅडमच्या यादीत सगळ्यात वर गहू आणि तांदूळ होते, पोळीभात खाणाऱ्या बाईच्या यादीत अजून काय येणार? अ‍ॅलर्जी तज्ज्ञांच्या युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या मोठ्या संघटनांनी स्पष्ट सांगितलंय की खाण्याची अ‍ॅलर्जी ठरवायला ही टेस्ट वापरू नका.

मग करायचं काय

बहिणीला एका अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडे पाठवलं, मीही गेले सोबत. त्यांनी तो पाच पानी रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला आणि पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. दूध कधीपासून पितो, पिऊन कधी काही झालं? नाही, महिन्यापूर्वीपर्यंत रोज दोन कप. पोळी? रोज. गांध्या पहिल्यांदा कधी उठल्या? ताप होता तेव्हा, दोन दिवस येत-जात होत्या. (लहान मुलांत व्हायरल तापात गांध्या उठणं फार कॉमन आहे, आपण पित्त झालं म्हणून आमसुलाचं पाणी लावतो आणि त्या आपल्या आपण जातात.) दुसऱ्यांदा? दिवाळीत, जेवताना. जेवणाआधी काय खाल्लं होतं? बहीण आठवत बसली, पोरगाच म्हणाला, काजूकतली. किती वेळाने उठल्या? तिथल्या तिथे, आणि उलटी पण झाली.

मग हातावर पेनाने रेघा आणि आकडे, प्रत्येक आकड्यापाशी अर्काचा एक थेंब, थेंबातून बारीक टोचणी. एक थेंब नुसत्या सलाइनचा, एक हिस्टामिनचा, म्हणजे टेस्ट नीट चाललीय हे कळतं. वीस मिनिटं खाजवायचं नाही, हा सगळ्यात अवघड भाग. ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ आली तर पॉझिटिव्ह. धुळीच्या किड्याची आली, आणि काजूची चांगली रुपयाएवढी आली. आता गंमत बघा, त्या सतरा खुणांच्या पॅनेलमध्ये काजू नव्हताच.

म्हणजे शिंका धुळीच्या, एकदाच्या गांध्या तापाच्या, एकदाच्या काजूच्या. उरलेली यादी कागदावरची. काजूबरोबर पिस्ताही बंद केला, दोघांची प्रोटीनं फार मिळतीजुळती. उशी-गादीला कव्हरं, चादरी आठवड्याला गरम पाण्यात, नाकाचा स्प्रे.

दूध मात्र "द्या आता घरीच" असं नाही म्हणाले, कारण रक्तात नोंद असलेली वस्तू महिनाभर बंद ठेवून पुन्हा सुरू करताना कधी कधी खरीच रिअ‍ॅक्शन येते. उगाच बंद करण्यातला हा छुपा धोका कुणी सांगत नाही. म्हणून हॉस्पिटलात बसवून, आधी काही थेंब, मग वीस-वीस मिनिटांनी वाढवत कपभर, शेजारी अ‍ॅनाफिलॅक्सिसवरच्या औषधाची, अ‍ॅड्रिनलिनची, सिरिंज तयार. खाण्याच्या अ‍ॅलर्जीचा शेवटचा निकाल अशा चाचणीनेच लागतो. हे घरी करून बघायचं नाही. पोरगा चार तासांत कंटाळून गेला, बाकी काही झालं नाही.

अ‍ॅड्रिनलिनचं मात्र लक्षात ठेवा. श्वास अडकणं, आवाज बसणं, चक्कर, गांध्यांबरोबर उलट्या, असं काही दिसलं तर सेट्रिझिनची गोळी देऊन वाट बघत बसू नका. त्या गोळीने खाज जाते, बीपी सावरत नाही. तिथे मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रिनलिन लागतं, आणि परदेशात मिळतं तसं पेनसारखं इंजेक्शन आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही, त्यामुळे अशी अ‍ॅलर्जी असेल तर काय जवळ ठेवायचं, कुठल्या हॉस्पिटलात धावायचं हे डॉक्टरकडून आधीच लिहून घ्या. बरं वाटलं तरी काही तास तिथेच थांबायचं, कारण रिअ‍ॅक्शन परत फिरून येऊ शकते.

नवीन उपायही आलेत. ओमॅलिझुमॅब नावाचं औषध, जे ह्या चिठ्ठ्याच गोळा करून टाकतं, त्याला २०२४ला अमेरिकेत खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी मान्यता मिळाली. ते घेतलं म्हणून काजूकतलीचा डबा उघडायचा नाही, चुकून एखादा घास गेला तर जीव वाचावा एवढ्यासाठी. परागावर आणि धुळीवर थोडा थोडा डोस वाढवत देण्याचा उपाय तर १९११ पासूनचा आहे, लंडनला लिओनार्ड नूनने सुरू केलेला, आजही चालतो, फक्त तीन-चार वर्षं चिकाटी लागते. आणि मुलांच्या दुधा-अंड्याच्या अ‍ॅलर्ज्या बऱ्याचदा मोठेपणी सुटतात, शेंगदाणा-काजूच्या मात्र थोड्यांच्याच.

बहिणीच्या फ्रिजवर आता पाच पानांऐवजी एकच ओळ आहे, काजू आणि पिस्ता. पाकिटावरचं लेबल वाचायची सवय लागलीय, तिथे शेंगदाणा-काजूसारखे पदार्थ लिहिणं २०२०च्या नियमाने बंधनकारक आहे. पंचाईत होते ती हॉटेलात. मागच्या रविवारी सगळे जेवायला गेलो होतो, तिने मेन्यू बाजूला ठेवून वेटरला तीनदा विचारलं, पनीरच्या भाजीत काजू असतो का? तो तीनदा नाही म्हणाला, आणि ऑर्डर लिहिता लिहिता वर बघून तिची समजूत काढावी तसं म्हणाला, "काजू नाही मॅडम, ग्रेव्हीत काजूची पेस्ट असते फक्त."